मागावरची वीतभर सुतं

गुरुजी, तुमच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. नातवंडांचे धडे घेते, गुडघा धरून उठते, पण तुमची आठवण निघाली की तो तसाच पेटतो.

छप्पन्न साली भाषेवरून राज्यं पडली, त्या वर्षी बुऱ्हाणपुरातली आपली मराठी शाळा हिंदी झाली. नवं राज्य, नवी पाटी, नवी पुस्तकं. तुम्हालाही ती भाषा कुठं धड येत होती? तपासणीला साहेब येणार म्हणून रोज पाठ करून यायचात. दिवाळीआधी तुम्हीच शिकवलं होतं, ‘मी जेवले आहे’ हा पूर्ण वर्तमानकाळ. जेवण उरकलं, पण पोट अजून भरलेलं आहे. दिवाळीनंतर तेच वाक्य हिंदीत फळ्यावर लिहिलंत आणि म्हणालात, हा आसन्न भूत, नुकताच सरलेला काळ.

मी उभी राहिले. आमच्या घरी हातमाग. थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, विणून झालं की बाप कापड कापून घेतो, पण मागाच्या फणीत ओवलेली वीतभर सुतं तशीच ठेवतो. माय नव्या ताण्याचा एकेक उभा धागा त्या जुन्याला पीळ देऊन जोडते. मी म्हटलं, "गुरुजी, थान झालंय, पण त्याची सुतं मागावरच आहेत. मग ते भूत कसं?"

वर्ग खिदळला. तुम्ही छडी आपटलीत. "विणकराची पोर मला व्याकरण शिकवते! जा बाई, घरी धागे जोडत बस. साहेबांपुढे हे तोंड उघडलंस तर माझी नोकरी जाईल."

सगळ्यांपुढे बापाचा धंदा काढलात. तुमच्या पोटाची भीती होती, हे आज कळतं. तरी तेव्हाचं बोलणं गोड लागत नाही.

घरी आले तर माय तापीवर धुण्याला गेलेली, बाप थान घेऊन बाजारात. मी कात्री घेतली आणि ती सुतं फणीपासून कापून, ओढून काढली. माय आली, ओलं धुणं हातातून पडलं. "अगं भवाने, काय केलंस हे? आता सगळा ताणा पहिल्यापासून ओवायचा!"

"गुरुजी म्हणाले, झालेलं ठेवायचं नसतं, कापून टाकायचं."

माय तशीच शाळेत आली. "झालेलं कापायला सांगून माझा माग बंद पाडलात ना तुम्ही! पोर आता यायची नाही." तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. आठ दिवस माय फणीपुढे वाकून होती. नवव्या दिवशी तुम्ही आमच्या दारात, हातात कोरी वही. "पोरीला पाठवा, माय. डोकं चांगलं आहे तिचं."

"मागाची कदर नाही त्याच्याकडं नाही पाठवत," म्हणून तिनं दार लावलं. मी दारामागेच होते.

माझी शाळा तिथं सुटली. पुढं जे शिकले ते पुड्यांच्या कागदांवर आणि भावाच्या फाटक्या पुस्तकांतून. काम उरकतं आणि त्याचं काहीतरी आज उरतं, तो काळ मला तुमच्या फळ्यावाचून चांगला कळला.

हे पत्र ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवते आहे. राग काही सोडत नाही मी. पण कापायला तुम्ही सांगितलं नव्हतं, गुरुजी. मायला हे मी ती जाईपर्यंत सांगितलं नाही.