लांब शिडीचं कुलूप

व्हय, शुद्धीवर हाय. ताप नाय, डोक्यावर काठी घेऊन कुणी उभं नाय, आणि तंबाखू सोडून दुसरी नशा मी जन्मात केली नाय. नीरजाताई वकील समोर बसून हेच विचारायल्या, म्हणून हेच आधी लिहिते. त्यांच्या घराला दोनदा रंग दिलाय मी, म्हणून घरी येऊन बसल्यात. म्हणाल्या, "पारूबाई, तुमच्याच बोलीत लिहा, फक्त गोंधळ नको."

तर मी, पारूबाई राजकुमार दाभाडे, वय आधारकार्डावर त्रेसष्ट (खरं माझ्या आईला ठाव होतं, ती सांगायच्या आधी गेली), धंदा घरांना रंग देणं, शिक्षण सातवी पास, पिशोरची शाळा, राहणार भीमनगर, भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर, माझ्या राजीखुशीनं, कुणाच्या दाबाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी असा कागद केलेला नाय. मरायची घाईबी नाय. पण मागच्या सोमवारपासून मला बसवत नाय आणि पडवतबी नाय. हात रिकामा राहिला की भांडायला जातो, म्हणून त्याच्यात पेन दिला.

सोमवारचं आधी सांगते, नायतर पुढचं कुणाला कळायचं नाय.

आमच्या गल्लीतल्या विहाराला बुद्ध पौर्णिमेच्या आत रंग द्यायचं काम मी घेतलंय. समोरच्या भिंतीचं टोक लई उंच, आमच्या लांब शिडीबिगर हात पोचत नाय. रविवारच्या बैठकीत मी सगळ्यांच्या देखत म्हणलं, "टोक मी रंगविणार. दुसऱ्या कुणाचा ब्रश तिथं लागणार नाय." बाया हसल्या, टाळ्या वाजवल्या. माझा ल्योक सम्यक उठून म्हणला, "आई, आता शिडी बंद. वय बघ जरा." आणि सोमवारी सकाळी गल्लीनं बघितलं तर भिंतीला आडव्या टांगलेल्या लांब शिडीला ही जाड साखळी आणि साखळीला कुलूप.

किल्ली कुणाकडंच नाय. मी गल्ली डोक्यावर घेतली. सम्यक म्हणला, "आई, शप्पथ, मी नाय लावलं." मी म्हणलं, "चोर कधी म्हणतो का, मी चोर?" तवापासून तो माझ्याशी धड बोलत नाय. आता वाटण्या.

कलम पहिलं, घर. दोन खोल्या आणि वरचा पत्रा, सम्यक आणि माझी सून सुलेखा या दोघांच्या नावावर अर्धा अर्धा. नीरजाताईंनी विचारलं, "सुनेचं नाव नक्की घालायचं?" घालायचं. घराच्या चारी भिंती तिनं घासल्यात, पुट्टी तिनं भरली. सम्यकनं काय केलं? पंखा लावला, आणि तो वाकडा फिरतो. ल्योक वाळूजच्या कंपनीत हाय. दिवसभर हेल्मेट घालून सपाट जमिनीवर चालतो आणि घरी येऊन शिडीवरच्या आईला सुरक्षा शिकवतो. पण पगार घरात देतो, दारू पीत नाय, हेबी लिहून ठेवते. माझं लेकरू हाय, जास्त खेचत नाय.

कलम दुसरं, लोखंडी खाट. माझा नवरा राजकुमार पेंटर आयुष्यभर शिडीवर राहिला, एकदाबी पडला नाय. गेला तो या खाटेवर, टीव्हीवर क्रिकेट बघता बघता. मी चहा घेऊन आले तर हा गेलेला आणि सामना चालूच. ती खाट मोडीत द्यावी. तिच्यावर मला निजवू नये. तिचा काय भरवसा.

कलम तिसरं, घोडी. म्हणजे मधून उघडणारी, चार पायांवर उभी राहती ती शिडी. ही सुलेखाला. हिच्यावर मी या धंद्यात आले, म्हणून हिची गोष्ट लिहिते. लगीन होऊन आले तवा मी खालून शिडी धरायची, एवढंच माझं काम. एकदा शहागंजातल्या एका जुन्या हवेलीत आतल्या खोलीला चुना द्यायचा होता. खोलीत बडी अम्मी अंथरुणाला खिळलेली. परका गडी आत येऊ देईना आणि खोलीतून हलायला तयार नाय. राजकुमार दारात डोकं खाजवत उभा. मग माझ्याकडं बघून म्हणला, "जाती का?" मी पदर खोचला आणि चढले. बडी अम्मी खालून वरडायली, "अगे, संभाल के! गिरी तो सीधी मेरे उप्पर गिरेंगी, और मय तो पहलेइच मरने कू बैठी हूँ!" मी म्हणलं, "अम्मी, तुम मरो मत, चुना सूखने दो." ती हसता हसता खोकली. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या तीन हवेल्या मला लावून दिल्या. जिथं गड्याला आत जाता येत नाय, ती माजघरं, ती बाळंतिणीची खोली, ती सगळी कामं माझी झाली. राजकुमार बाहेरची भिंत, मी आतली. नंतर तीबी माझी झाली.

सुलेखाला घोडीसंगट ही शिकवणबी देते, राजकुमारची हाय, माझी नाय. काम बघून शिडी घ्यावी, शिडी बघून काम घेऊ नये. छताला घोडी, कारण छताला शिडी टेकायला भिंत नसती. बाहेरच्या भिंतीला सरळ शिडी. विजेची तार जवळ असली तर अल्युमिनियमचं नावबी काढू नये, सुकी बांबूची घ्यावी आणि तरी तारेपासून लांबच राहावं. गुळगुळीत फरशी असली तर पायाखाली ओलं गोणपाट. आणि चढल्यावर बेंबी शिडीच्या दोन खांबांच्या मधी राहिली पाहिजे. बेंबी बाहेर गेली की माणूस गेला. हात पुरत नसला तर उतरावं, शिडी सरकवावी, परत चढावं. आळशी माणूस एकदाच उतरतो.

राजकुमार म्हणायचा, शिडी निवडताना आधी जमीन बघायची, मग तार बघायची, मग उंची, आणि सगळ्यात शेवटी चढणाराचे पाय. पहिल्या तीन गोष्टी समदे बघतात.

कलम चौथं, बांबूची शिडी. ही काकासाहेब पेंटर, राहणार पदमपुरा, यांना. लोकं विचारतील, पारूबाईला काकासाहेबाचा एवढा कळवळा कधीपासून? तर या काकासाहेबानं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की बाईच्या हाताचा रंग ओघळतो. नंतर माझीच शिडी मागून नेली, खालची पायरी मोडून आणली आणि म्हणला, "वहिनी, ही आधीच मोडकी होती." दहा वर्षं झाली, मी ती पायरी बसवली नाय. मुद्दाम. आता मोडक्या पायरीसकट शिडी त्याच्या दारात नेऊन ठेवावी आणि म्हणावं, "पारूबाईनं तुमची वस्तू परत केली." त्याचं तोंड कसं झालं ते माझ्या फोटोपुढं येऊन सांगावं.

कलम पाचवं, पोस्टातले पैसे. मातीला लागतील तेवढे घ्यावे, उरतील ते विहाराला. जेवणावळ घालू नये. माझ्या भिंतीला नावं ठेवणारे माझ्याच मरणाची बुंदी खातील, हे मला पटत नाय.

कलम सहावं, शेजारीण वच्छलाबाई. हिला काय द्यावं याचा मी लई विचार केला. मग नीरजाताई म्हणाल्या, साक्षीदाराला शक्यतो काही ठेवू नये, उद्या कुणी शंका काढतं. झालं! वच्छलाबाईला मी साक्षीदारच केलं. ती आता समोर बसून चहा पितीय आणि विचारायली, "पारू, माझ्या नावाचं काय लिहिलं गं?" मी म्हणलं, "तुझी सही." माझी तंबाखूची चंची मात्र माझ्या कमरेलाच राहील. तिच्यात मी जित्ती हाय तवर कुणी हात घालायचा नाय. वच्छलाबाईनं तर नायच नाय.

संपलं.

नीरजाताई म्हणायल्या, "पारूबाई, लांब शिडी राहिली."

"ठाव हाय मला."

"मग लिहा की."

मी उठून दोनदा पाणी पिऊन आले. दारात जाऊन शिडीकडं बघून आले. तिसऱ्यांदा उठले तर वच्छलाबाई म्हणली, "पारू, अंगात किडे झालेत का गं तुझ्या? बस की एका जागी!" बसले.

लांब शिडीवरून काल घरात जे झालं ते लिहिते. सुलेखा कामावरून आली ती लोखंड कापायची करवत घेऊनच. म्हणली, "आत्याबाई, बास झालं. मी साखळी कापते."

मी म्हणलं, "खबरदार! शिडीला ओरखडा आला तर बघ."

"साखळी कापायलीय, शिडी नाय."

"साखळीबी चांगली हाय. कुणाची तरी असंल."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "आठ दिवस तुम्ही ह्यांना चोर म्हणता, ते बिचारे घरात जेवत नायत. आणि आज साखळीची काळजी? कापू द्या. टोक तुम्ही रंगवा नायतर मला चढू द्या. पण पौर्णिमा थांबायची नाय."

मी म्हणलं, "तू अजून कच्ची हायेस."

हे मी म्हणायला नको होतं. पोरगी पाच वर्षं माझ्यासंगट काम करती. लांब शिडीवर अर्ध्यापर्यंत तिला मीच चढवलं, त्याच्यावर कधी जाऊ दिलं नाय. तिनं करवत कोपऱ्यात ठेवली आणि भाकरी थापायला बसली. लई जोरात थापल्या. सम्यक रात्री आला, आमच्या दोघींची तोंडं बघितली आणि न जेवताच निजला. आज सकाळी सुलेखा मला म्हणली, "मी विहाराच्या लोकांना सांगून येते, काम दुसऱ्याला द्या. काकासाहेब तयार हाय म्हणे."

काकासाहेब! तवा मी नीरजाताईंना फोन लावला.

तर कलम सातवं. अल्युमिनियमची लांब शिडी, एकातून एक सरकणारी, राजकुमारनं घेतलेली शेवटची वस्तू, सुलेखा सम्यक दाभाडे हिला. पुरी, टोकापर्यंत. नीरजाताई म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. मी म्हणलं, "ताई, मग विहार काय माझ्या दहाव्याला रंगवायचा?" म्हणून हे कलम माझ्या मरणाची वाट बघणार नाय. शिडी तिची आजपासून. टोकबी तिचंच. खाली शिडीला पाय लावून सम्यकनं उभं राहावं, मोबाईल खिशात ठेवून. हेल्मेट घातलं तरी चालंल, मी हसणार नाय. हसले तर थोडंच.

आणि सुलेखा कच्ची नाय. हे कलमातच लिहिते, म्हंजे कुणाला खोडता येणार नाय.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतःच्या हातानं लिहिलं, परत वाचलं, आणि त्यातला एकबी शब्द मला मागं घ्यायचा नाय. दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना सही केली, त्यांनीबी माझ्या देखत केली. वच्छलाबाई चष्मा घरी विसरलीय, त्यामुळं तिनं नुसती सही केली, वाचलं काय नाय. बरंच झालं.

सही: पारूबाई राजकुमार दाभाडे

साक्षीदार १: अॅड. नीरजा अनंतराव पिंपळीकर, राहणार समर्थनगर
साक्षीदार २: वच्छलाबाई किसन म्हस्के, राहणार भीमनगर, भावसिंगपुरा

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
तारीख: ९ एप्रिल २०२५

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाय, असं नीरजाताई म्हणाल्या. म्हणून हे खाली लिहिते.

सम्यक, कुलूप मी लावलं. रविवारी रात्री, तुम्ही दोघं निजल्यावर. किल्ली माझ्या चंचीत हाय. दिवाळीपासून तिसऱ्या पायरीच्या वर माझे पाय लटपटतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्या बायांपुढं ते मला सांगता येईना. जेव बाबा आता. मला शिडीचं भ्याव वाटतं.