मडमेची भुतं

गुरुवार, २७ ऑक्टोबर १९५५
दसऱ्याची सुट्टी संपली. बालवाडी उघडते तो मडम दारात. मिसेस बेल. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरची बायको. कॉलनीच्या कमिटीनं म्हणे तिला सांगितलं, मुलांसाठी काहीतरी करा. मला कोणी विचारलं नाही. वर्षभर या सात पोरांची नाकं मी पुसते आहे.
सोमवारी त्यांच्याकडे भुतांचा सण असतो. तो इथे करायचा, पोरांना भुतं करून. मी म्हटलं, आमच्याकडे भुतं उतरवतात, नटवत नाहीत. मराठी कळत नाही, त्यामुळे हसली.

शुक्र. २८
भला मोठा लाल भोपळा घेऊन आली. पोखरून त्याला नाकडोळे करायचे, आत पणती ठेवायची. चांगल्या भाजीची नासाडी. पार्वतीबाई (आमच्या मदतनीस, पिंपरी गावातल्या) तिला सुरी लावू देईनात. "पयली सुरी बाप्यानं लावायची." फाटकावरच्या वॉचमनला बोलावलं. त्यानं चीर दिली, मग मडमेनं दात कोरले. पार्वतीबाई गर घरी घेऊन गेल्या.
पोरं भोपळ्याला हात लावून पळत होती, पुन्हा येत होती. सुधीर तर वर्षभरात माझ्यासमोर मोकळा हसलेला नाही. आज लोळला.
लिहिताना हात दुखतोय, इतका टाक दाबून धरलाय.

शनि. २९
मडमेनं एकच गोष्ट विचारली. मोडक्यातोडक्या हिंदीत. "बाई, बच्चा लोग, सफेद चादर. ठीक है?"
पार्वतीबाई बाहेर भांडी घासत होत्या. त्यांचा धाकटा श्रावणात गेला. आठ महिन्यांचा. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून नवऱ्यानं हातांवरच नदीकडे नेला. मी तेव्हा त्यांच्या घरी होते. अजून दोरीवर पांढरं धोतर वाळत असलं तरी त्या तोंड फिरवतात, हे त्यांनीच मला सांगितलेलं. थोरली बबी, चार वर्षांची, आमच्याच बालवाडीत.
मी म्हटलं, "ठीक है."
मुद्दाम म्हटलं. एकदा तोंडघशी पडू दे.

सोम. ३१
पडली.
सकाळी सगळं छान. घंगाळात सफरचंदं तरंगत सोडलेली, ती हात न लावता दातांनी धरायची. पोरं भिजून चिंब. मग चादरी. डोळ्यांपुरती भोकं. सात भुतं हू हू करत खोलीभर. पार्वतीबाई पाण्याला गेल्या होत्या.
बबी दमली आणि चटईवर आडवी झाली. बाकीची भोवती उभी राहिली. भूत झोपलं, भूत झोपलं.
तेवढ्यात पार्वतीबाई हंडा घेऊन दारात. हंडा आपटला नाही, नीट खाली ठेवला. चादर ओढून काढली, बबीला छातीशी धरलं आणि मडमेला म्हणाल्या, "माजं येक नेलं. आता हिला बी गुंडाळताय व्हय?"
मडम माझ्याकडे बघायला लागली. काय म्हणतात ते सांग, असं. मी सांगितलं नाही. पोरांच्या चादरी गोळा करत बसले.

मंगळ. १ नोव्हेंबर
कमिटीच्या सेक्रेटरींनी बोलावलं. मडम शेजारच्या खुर्चीत.
"तुम्हाला माहीत होतं, तर आधी सांगायचं नाही का?"
"मला कोणी विचारलंच नाही."
त्यांनी ते इंग्रजीत तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळू काहीतरी बोलली. सेक्रेटरी म्हणाले, "त्या म्हणतात, चूक त्यांची एकटीची. बाईंना बोल लावू नका."
नोकरी वाचली. तिच्यामुळे वाचली. कोणी मागितलं होतं हे? कालपर्यंत नुसता राग होता, आज तिचं तोंड बघवत नाही.

गुरु. ३
पार्वतीबाई नाहीत. बबी नाही. गावातली आणखी दोन पोरंही बंद. उरली चार, सगळी कॉलनीतली. खोड्या काढायला गावातली पोरं नाहीत म्हणून ती एकमेकांना चावतात.
मडम आली. पार्वतीबाईंच्या घरी चल, मी काय बोलते ते त्यांना सांग, असं खुणांनी. वेळ नाही म्हटलं. वॉचमनला घेऊन गेली.

शनि. ५
आज मी गेले. पार्वतीबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. वर न बघता बोलल्या.
"मडम आली व्हती. काय बोलली, कळलं न्हाई. बसली, रडली. मंग मी बी रडले."
मी उभीच.
"तिला ठावं नव्हतं बाई. तुमाला ठावं व्हतं."
त्या विचारत नव्हत्या, सांगत होत्या. तरी होय म्हटलं. मला तिचा राग आला होता, म्हणाले.
"राग तिचा, आन् काडला माज्या पोरीवर."
बबी आतून धावत आली, माझा पदर धरला. बाई, भूत कवा खेळायचं? पार्वतीबाईंनी तिला ओढून मागे घेतलं. मारलं नाही.
सोमवारी पाठवाल का, म्हणून विचारलं.
"सोमवारचं सोमवारी बगू."
सूप पुन्हा हलायला लागलं. त्या घरातून आजवर चहा घेतल्याशिवाय मला उठू दिलेलं नाही. आज बसा म्हणून कोणी म्हटलं नाही.