नववा सूर

ती. आत्यास,

पायांवर डोकं ठेवते, दुखरा गुडघा तेवढा वगळून. तेल चोळतेस ना? (नसशीलच. तू दुसऱ्यांना सांगतेस फक्त.) मी बरी आहे, पण फोनवर बोलायचा धीर नाही, म्हणून पत्र.

महिन्याभरापूर्वी तुझ्या बेकरीतले पाव मधूनमधून करपायला लागले, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, की भट्टीचा प्रोग्रॅम मी लिहिलाय, तो चुकायचा नाही, भट्टीवाले काकाच बटण फिरवत असणार. माझ्या शब्दावर तू अकरा वर्षं भट्टी सांभाळणाऱ्या माणसाला घरी बसवलंस. ते गेल्यावरही पाव करपतच राहिले, हे मात्र तू फार हळू आवाजात सांगितलंस.

मग भट्टी चालवणारं तसंच यंत्र ऑफिसात मांडून बसले. प्रोग्रॅममध्ये जागोजागी 'इथवर आले' असं छापणाऱ्या ओळी घातल्या, तर ते एकदम गुणी झालं (पाहुण्यांसमोर कार्टी होतात तसं). ओळी काढल्या, की ये रे माझ्या मागल्या. शेवटी ऑफिसातल्या आमच्या थोरल्या बाई (बोलतात कमी, बघतात जास्त) म्हणाल्या, "अगं, प्रोसेसरच्या पोटातच पहारेकरी असतात. एकेकाला मेमरीतला एकेक कप्पा नेमून दे. तिथे कोणी लिहिलं, की तो सगळं जागीच थांबवतो आणि कुठल्या ओळीनं लिहिलं ते दाखवतो. प्रोग्रॅमला बोटही लावायला नको." पहारेकरी मोजून चार. तीन मी इतरांनी लिहिलेल्या भागांवर बसवले: बटण, घड्याळ, उष्णता मोजणारी तार. चौथा उरला, केवळ उरला म्हणून, माझ्या तापमानाच्या कप्प्यावर.

दहाव्या खेपेला ओरडला तो चौथाच. पावांच्या दर दहा खेपांनी भट्टीनं मोठी धून वाजवावी असा तू हट्ट धरला होतास, आठवतं? मेमरीत जागा आठ सुरांची, मी लाडानं नऊ कोंबले. नववा जाऊन बसला शेजारच्या तापमानाच्या कप्प्यात, आणि भट्टी भडकली. (जादा ओळी घातल्या, की कप्पे सरकायचे आणि तो रिकाम्या जागी पडायचा.) आत्या, फार लाज वाटली गं. काकांनी बटणाला हातही लावला नव्हता. सुधारलेला प्रोग्रॅम सोबत पाठवलाय. धून आता आठ सुरांचीच आहे.

तुझी अतिशहाणी भाची

ता. क. काकांना परत बोलावशील ना?

ता. क. दुसरा. खरं तर बोलावून झालंय. काल घरी जाऊन माफी मागितली. म्हणाले, "तुझं ठीक आहे पोरी, पण आत्याबाईंचं काय?" मी सांगून बसले, की सोमवारी सकाळी तू स्वतः त्यांना न्यायला येते आहेस. गुडघ्याची सबब चालणार नाही. ते तळमजल्यावरच राहतात.