अडखळणारी तार

ब्राइला, मंगळवार

प्रिय रेमुस,

पोस्टाचं पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वेतुरियाकाकूचे गुडघे कुरकुरतात, पण तोंडाइतके नाही, असं मी परवा चारचौघांत बोलून गेलो आणि त्या दिवशी सूप गारच मिळालं. फोन करता आला असता, पण हल्ली तारेवरून बोलायला लागलो की माझा एक कान तारेकडेच राहतो. ज्याने आयुष्यभर लोकांच्या घरात तारा ओढल्या, त्यानेच कागद-पेन घेऊन बसावं! वेतुरिया हसली, मग माझं तोंड बघून तिनेच दिवा जवळ सरकवला.

इथली खबर म्हणशील तर आपल्या इमारतीतली तुदोसिया माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण मला नाही, माझ्याबद्दल. तिची लेक कोर्नेलिया तुला आठवत असेल. इटलीत पादोवाजवळ एका म्हाताऱ्या मास्तरांना सांभाळते. रोज संध्याकाळी त्यांना सूप भरवून झालं की मिठाच्या बरणीला फोन टेकवायचा आणि इकडे नऊ वर्षांच्या दारियाची गणितं घ्यायची, असा तिचा नेम. आई त्या स्वयंपाकघरात, पोर या स्वयंपाकघरात, मध्ये माझ्या इंटरनेटची तार. त्या पोरीला आई जी काही मिळते ती एवढीच. हिवाळ्यापासून नेमकी त्याच वेळी तार अडखळायला लागली. कोर्नेलिया विचारते, "सात आठे किती?" पोरगी बरोबर उत्तर देते, पण तिकडे पोचतो फक्त गोठलेला चेहरा, मान खाली, ओठ बंद. आई पुन्हा विचारते, तिसऱ्यांदा विचारते. मग एकदम तार मोकळी होते आणि आईच्या कानावर आदळतं ते एवढंच: "सांगितलं ना एकदा! किती वेळा तेच तेच!" रोज हेच. उत्तर अडकतं, चिडणं तेवढं पोचतं. तूच सांग, परदेशात बसलेल्या आईने यातून काय समजायचं?

तुदोसियाने दोष दिला तो मलाच. बाकावर सगळ्यांसमोर म्हणाली, "गाव्रिल, तुझी तार संध्याकाळी गुत्त्यावर जाते का रे? सकाळी शुद्धीत असते, दिवेलागणीला झोकांड्या!" लोक हसले, मीही हसलो. घरी येऊन मात्र तिची तार बदलली, वायफायचा डबा बदलला, गच्चीवरचा सांधा न् सांधा तपासला. काही नाही. माझ्या बाजूने सगळं ठणठणीत. आणि माझ्या बाजूच्या पलीकडे, मोठ्या लाईनवर, कोण आहे? तुझी कंपनी. आधीच्या लाईनवाल्याला तिने गिळल्यापासून आमच्यासारख्या चिल्लर केबलवाल्यांना इंटरनेट विकत घ्यायला दुसरा विहीरवाला उरलाय कुठे!

त्याच सुमारास तुमचा एक पोरगेलासा विक्रेता जिने चढउतार करायला लागला. इस्त्रीचा शर्ट, दात सगळे बाहेर. "आजी, आमच्या ॲपवरून बोलून बघा, लोण्यासारखं चालतं! फॅमिली पॅकेज घ्या, फुटबॉल वर फुकट." तुदोसियाने बापडीने करून बघितलं. इथल्या इथे चाललं खरंच लोण्यासारखं. पण समोरच्यालाही तुमचंच कनेक्शन हवं म्हणे, आणि पादोवाच्या मास्तरांकडे ते यायचं कुठून? मी त्या पोराला विचारलं, "बाळा, एकाच नळातून येणारं पाणी एका पेल्यात गोड आणि दुसऱ्यात खारट कसं रे?" तो म्हणाला, "काका, ते टेक्निकल असतं." माझ्या तारेवर उभा राहून मलाच टेक्निकल सांगतो! तिथेच मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

तुला माझे कान माहीत आहेत. या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या भिंतींच्या इमारतीत कोण कुठल्या मजल्यावर शिंकलं ते मी सांगतो. म्हणून एका सामन्याच्या संध्याकाळी टीव्ही बंद केला आणि जिन्यात स्टूल टाकून नुसता ऐकत बसलो. गोल झाला. ज्यांनी तुमचं पॅकेज घेतलंय ती घरं एकदम ओरडली, वरपासून खालपर्यंत. निवृत्त ट्रामवाला फानिका सरकारी वाहिनीच्या साईटवर सामना बघतो. पूर्वी तोही यांच्या पाठोपाठ ओरडायचा. त्या दिवशी बाकीच्यांचं ओरडून, नाचून, बाटल्या उघडून झालं तरी त्याचं घर चिडीचूप. मग दार उघडून तो जिन्यात किंचाळला, "हरामखोरांनो, गप्प बसा! मला अजून कॉर्नरच दिसतोय!" वरून कुणीतरी म्हणालं, "फानिका, आम्ही दुसरा गोल केला की तुला पत्र टाकतो." इमारत खदखदून हसली. मी नाही हसलो. गर्दीमुळे तार तुंबली असती तर सगळेच तुंबले असते. हे तुंबणं निवडून निवडून होत होतं.

तरीही मी स्वतःला म्हटलं, गाव्रिल, तू जन्माचा संशयी. वेतुरिया म्हणते, देवदूत न्यायला आला तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील. म्हणून पुरावा केला. तुम्ही ज्याला व्हीपीएन म्हणता ते लावलं: दारियाच्या फोनचं बोलणं एका पाकिटात घातलं आणि ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, म्हणजे आत काय आहे, कुठल्या ॲपचं आहे, हे तुमच्या लाईनला वाचता येऊ नये. तीच तार, तीच संध्याकाळ, तीच पोर. बोलणं झऱ्यासारखं वाहिलं. पाकीट काढलं, अडखळलं. घातलं, वाहिलं. हे मी आठवडाभर केलं. पण तुमच्या लाईनने ते पाकीटही ओळखलं बहुतेक, कारण पुढच्या आठवड्यात तेही लंगडायला लागलं. अशाने उद्या पालिकेविरुद्ध लिहिणारं आपल्या गावातलं ते छोटं वर्तमानपत्रही हळूहळू उघडेनासं होईल, आणि लोक म्हणतील, त्यांची साईटच टुकार. बंद केलं तर माणूस भांडायला येतो रे, हळू केलं तर तो स्वतःच्या फोनला शिव्या देतो. कायद्याने हे करायला मनाई आहे, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक.

इथवर माझा संशय कंपनीवर होता, तुझ्यावर नव्हता. खोटं कशाला सांगू? तू तिथे लाईनच सांभाळतोस हे माहीत असूनही मनाने तुला बाजूला ठेवलं होतं. तुझ्या लग्नात चर्चमध्ये तुझ्या डोक्यावर मुकुट धरून मागे उभा राहिलेला धर्मपिता मी. स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या माणसाकडे कोण वाकड्या नजरेने बघतो?

मग ईस्टर आला. रिवाजाप्रमाणे तू गोड पाव घेऊन आमच्याकडे आलास. सणाची लाल अंडी एकमेकांवर आपटली, माझं फुटलं, तू हसलास. पण एरवी कोट काढायच्या आधी "काका, तार कशी चाललीय?" विचारणारा तू, या वेळी विचारलंच नाहीस. कोकराचं कौतुक केलंस, हवापाणी काढलंस, वेतुरियाच्या गुडघ्यांवरही बोललास; तारेवर चकार शब्द नाही. तरी मी म्हटलं, सणाचा दिवस, विसरला असेल. संध्याकाळी तुला बायकोला फोन लावायचा होता, पोरं दाखवायला. खिडकीच्या काचेत मी बघितलं, रेमुस. फोन लावण्याआधी तू त्यावरचं आमच्या घरचं वायफाय बंद केलंस आणि मोबाईलच्या नेटवर गेलास. मग पोरांशी मजेत बोललास, एकदाही अडखळला नाहीस. जाताना वायफाय पुन्हा लावून ठेवलंस. ज्याला माहीत नाही, तो असं का करेल?

त्यानंतर मी तीन वेळा तुला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला. सोमवारी दूरसंचाराच्या सरकारी कार्यालयात तुमच्या कंपनीविरुद्ध माझी जबानी आहे. फुटबॉलचं सांगणार, पाकिटांचं सांगणार. ईस्टरचं सांगणार नाही. माझ्या टेबलावर बसून जे घडलं ते मी कुठल्याही कार्यालयाला देत नाही, आणि तुझ्याही मागे दोन पोरं आणि पगार आहे हे मला कळतं. पण हे पत्र सोमवारसाठी नाही, रविवारसाठी आहे. कोर्नेलिया रविवारच्या बसने येतेय. पोरगी आपल्याला विटली, आता तिला आपलं तोंडही बघायला नको, असं धरून बसलीय ती. पुढे कामावर राहणार की नाही, ते मास्तरांच्या घरच्यांना तिने अजून कळवलेलं नाही. पोरीचा चेहरा बघून ठरवणार म्हणाली. काम सोडलं तर तुदोसियाच्या पेन्शनीत तिघींचं काय होणार, ते तूही जाणतोस. मी तिला सांगेन की पोरगी रोज वेळेवर, बरोबर उत्तरं देत होती, ती वाटेत कुणीतरी अडवली. ती माझ्याकडे शेंबड्या पोराकडे बघावं तसं बघेल. आपल्याच केबलवाल्यावर कोण विश्वास ठेवतं? म्हणेल, तार खराब म्हणून बहाणे करतोस. तिचा विश्वास बसेल तो ज्याने अडवली त्याच्या तोंडून ऐकल्यावरच. दुपारी वेतुरिया कोबीची पानं भरणार आहे, कोर्नेलिया आमच्याकडेच जेवेल. मी तुझं ताट मांडून ठेवतो. तू आलास तर तिच्या समोरच्या खुर्चीवर बस, आणि पोरगी काय म्हणत होती ते आईला सांग. नाही आलास तर ते ताट मी उचलणार नाही, आणि ती विचारेल, हे कुणाचं? तेव्हा मात्र मला खोटं बोलता येणार नाही.

अजूनही तुझाच,
गाव्रिलकाका