टाळूवरचा डाग

१२ जानेवारी १९९१, आदिलाबाद
तोंडात टाळूवरचा काळा डाग वाढला. दिवाळीत दादाला दाखवला तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढा होता, आता चिंचोक्याएवढा. दुखत नाही. तेव्हा दादा म्हणाला, "काही नाही नंदे, रंग आहे नुसता." सख्खा भाऊ, त्यातून डॉक्टर. आज परत विचारलं. "सुमीचं लग्न होऊ दे, मग पाहू." बॅटरी लावून तोंडात पाहिलंसुद्धा नाही.

६ फेब्रु.
सुमीचं, भाचीचं लग्न छान झालं. हळद मीच वाटली. शाळेत शिकवायला सोमवारपासून. जेवताना डागातून रक्त आलं. दादा दमलेला, बोलले नाही.

९ फेब्रु.
एकटीच निर्मल गावी, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. हिरड्यांचा काळेपणा दोन्हीकडे सारखा, तो जन्माचा, म्हणाल्या. हा डाग एकाच बाजूला, कड वेडीवाकडी, कुठे तपकिरी, कुठे निळसर काळा. दाढेत भरलेल्या चांदीचाही असा डाग पडतो म्हणे, पण माझ्या दाढेत चांदी नाहीच. "पहले किसी को दिखाया?" भाऊ डॉक्टर आहे म्हटलं. बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. म्हणाल्या, हैदराबादला जा, डागाचा तुकडा काढून तपासून घ्या, उशीर नको.

१० फेब्रु.
वहिनीला सांगितलं. मेथी निवडता निवडता बोलून गेली, "मी तं तवाच म्हणलं तुह्या दादाले, नंदूले खरं सांगा. पण सुमीची सोयरीक जुळून राह्यली होती ना. घरात कॅन्सर म्हणलं की लोक मागं सरतात." मग हात थांबला तिचा.
म्हणजे दिवाळीपासून. दोघांनाही ठाऊक होतं.

११ फेब्रु.
दादा: "खात्री नव्हती मला."
"मग तुकडा काढून पाहायचा."
"तीन-चार महिन्यांनी काही फार..."
डॉक्टर आहे तो.
काऊन रे दादा, का लपवलंस? मला विचारलं असतंस तर लग्न होईपर्यंत मीच गप्प राहिले असते. मला विचारायचं तरी.

१६ फेब्रु.
हैदराबादहून परत. तुकडा काढला, टाके आहेत. दादा सोबत होता. बसमध्ये त्याने पाणी पुढे केलं, मी घेतलं नाही. निकाल यायचाय.

१८ फेब्रु.
सुमी माहेरपणाला आली, जावई सोडायला. गळ्यात पडली. "आत्या, काऊन वाळून राह्यली तू? बोलत पण नाहीस!" दादा दारात उभा, माझ्याकडे पाहत. ओठांवर आलं होतं सगळं.
"दाढ काढली गं," म्हटलं.
दादाचा सुटलेला श्वास मला ऐकू आला.
जावई गेले. सुमी आठवडाभर आहे; तिला एकटीला गाठून सांगता येईल.