नऊ फुटी हिमालयाची वासलात

मी, आनंदा दौलत भोईर, वय त्र्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार वर्तकनगर, ठाणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचंही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी पत्नी सगुणा स्वयंपाकघरात आहे तोवर हे विधान खरं धरावं.

१. राहता फ्लॅट आणि बँकेतली ठेव सगुणाची. यात वाद नाही.

२. खरा प्रश्न हॉलमधल्या चित्राचा. 'हिमालय', नऊ फूट बाय सहा, प्लायवुडवर तैलरंग. घरातच रंगवल्यामुळे ते दारातून बाहेर निघत नाही. चिरंजीव धनेश डोंबिवलीहून येतो, टेप लावतो आणि म्हणतो, "पप्पा, चार पीस करू ना. सेट मस्त दिसेल." अरे गाढवा, उदात्त गोष्टीचे पीस होत नाहीत! जो कोणी या चित्राला करवत लावील त्याला माझ्या इस्टेटीतला चमचाही मिळणार नाही. चित्र अखंड राहावं आणि जो त्याच्याकडे मनापासून बघेल त्याच्याचकडे जावं, एवढीच माझी शेवटची इच्छा आहे. असा माणूस आजवर सापडलेला नाही, हेही नमूद करतो.

३. मेहुणा रघु यास एक किलो खडेमीठ. चित्र पुरं झालं त्या दिवशी हा समोर उभा राहून म्हणाला, "दाजी, मिठाच्या राशी झकास काढल्यात!" आमचे वाडवडील मिठागरात राबले, कबूल. हिमालय मी पाहिलेला नाही, तेही कबूल. म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं?

४. 'कलेतील उदात्त' हे माझं भाषण ज्याला हवं त्याने न्यावं. ज्याच्यापुढे माणूस एवढासा होतो, पोटात गोळा येतो आणि तरी नजर हलत नाही, ते उदात्त, असं मी एकदा सगुणाला समजावलं होतं. ती कांदा चिरता चिरता थांबली. म्हणाली, "म्हणजे तुमच्या आई." कै. हौसाबाईंची क्षमा मागून सांगतो, उदाहरण अगदीच चुकीचं नव्हतं.

५. इथवर लिहिलेलं साक्षीदारांना वाचून दाखवत होतो, तर सगुणा हात पुसत बाहेर आली.

"चित्र कुठे जायचं नाही. मी सांभाळीन."

"तू? तुला तर त्याची धूळ पुसायचाही वैताग!"

"अहो, त्या खालच्या कोपऱ्यातल्या माणसाचं काय मग? एवढ्या बर्फात एकट्याला उभं केलंत. रोज सकाळी उठले की आधी त्याच्याकडे बघते, आहे ना जागेवर. जीव घाबरतो माझा."

तो माणूस नखाएवढा आहे. डोंगर मोठा वाटावा म्हणून काढलेला. आजवर तो एकालाही दिसला नव्हता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

सबब, चित्र सगुणाला. त्या माणसाला स्वेटर रंगवायची परवानगी तिने मागितली आहे. दिली.

ठिकाण: ठाणे
दिनांक: १९ जानेवारी २०२५

सही: आनंदा दौलत भोईर

साक्षीदार:
१. प्रशांत दगडू जाधव, शेजारी
२. डॉ. सलिल ओक, नौपाडा. मृत्युपत्र करणाऱ्यांना मी तपासलं आहे. नाडी जलद, डोळे ओले, शुद्ध उत्तम.