सुयांचं श्रेय

प्रिय धाकट्या,

तुझ्या तब्येतीचं मला कळलंय, पण त्याकडे शेवटी येते. तोवर पत्र टाकून पळायचं नाही. आधी गोड बातमी ऐक. परवा मोठ्या डॉक्टरांनी माझे तपासणीचे फोटो उजेडावर धरून पाहिले, चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिले आणि म्हणाले, आता गाठ कुठे दिसत नाही. तपासणीला येत राहायचं, पण सलाईनची खुर्ची आता दुसऱ्याला द्या. माझा जीव भांड्यात पडला. तुझे भावोजी, ज्यांना आमच्या लग्नातसुद्धा हसू आलं नव्हतं, ते दवाखान्याच्या जिन्यावर एकटेच हसत बसले. आणि काल सकाळी मी कारखान्याच्या खानावळीत पुन्हा कामावर जाऊन परातभर कांदा परतला. बायका खिडक्या उघडायला धावल्या. म्हटलं, असू द्या गं, जरा वास घेऊ द्या मला.

या वासाचं एवढं काय, असं तुला वाटत असेल. अरे, ज्या कांद्याच्या फोडणीवर आमचा संसार उभा राहिला, तोच केमो सुरू झाल्यावर माझा वैरी झाला. पहिल्या सलाईननंतर पोटात पाणी ठरेना. दुसऱ्या वेळी तर कहरच. वॉर्डाचा हिरवा पडदा लांबून दिसला आणि सलाईन लागायच्या आधीच मी जिन्यात ओकले. सिस्टर म्हणाल्या, होतं असं, मन आधीच घाबरतं. मी तुझ्या भावोजींना सांगून टाकलं, बास झालं. मरण यायचं तर बसल्या जागी येऊ दे, पण हे ओकणं नको. ते नुसते पाठीवरून हात फिरवत राहिले.

मोठ्या डॉक्टरांनी ओकारीची गोळी बदलली आणि म्हणाले, तळमजल्यावर आपल्याच अ‍ॅक्युपंक्चरच्या डॉक्टर बसतात, त्यांनाही भेटा. मला वाटलं, आधीच अंगाची चाळण झालीय, त्यात आणखी सुया म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! गेले तर पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान. आधी तिने रक्ताचा रिपोर्ट मागितला. पेशी फार कमी असल्या तर सुया लावत नाही म्हणाली, आणि पुढे एकदा खरंच तशीच परत पाठवली. मी डोळे घट्ट मिटले, म्हटलं, टोच बाई एकदाची. तर म्हणते कशी, "मावशी, लावून झाल्या की!" मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं वर आणि गुडघ्याखाली, केसासारख्या बारीक सुया. दुखलं नाही, नुसतं जड जड वाटलं. वर श्वास सोडायला शिकवलं, गरम दुधावर फुंकर घालतो तसा, सावकाश. पुढच्या सलाईनला मळमळलं, नाही असं नाही, पण ओकारी घशाशी येऊन आल्या वाटेने परत गेली. संध्याकाळी दुधात बुडवून पाव खाल्ला आणि तो पोटात राहिला. भावोजी तर माझ्या पोटाकडे असे बघत बसले, जणू तिथे दिवा लागलाय.

अंगात जीव आला की माणसाला नको ते शहाणपण सुचतं. मी त्या पोरीला म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे गं, आता वरची केमो बंद, मी तुझ्याकडेच येत जाईन. वाटलं, खूश होईल. तिने सुयांची डबी खटकन मिटली. म्हणाली, "मावशी, माझ्या सुयांनी तुमची गाठ ढिम्म हलत नाही. तिचं औषध वर आहे. मी फक्त तुम्हाला ते सोसायला मदत करते. केमो सोडायची असेल तर माझ्याकडेही यायचं नाही." मला मेला असा राग आला! कौतुक केलं तर वर दटावते? पण तिने माझं कोपर धरलं, स्वतः जिना चढली, त्या हिरव्या पडद्याआड मला खुर्चीत बसवलं आणि सलाईन लागेपर्यंत माझं मनगट दाबून उभी राहिली. खाली तिच्या दाराशी माणसं खोळंबली होती.

उरलेल्या सगळ्या केमो मी अशाच घेतल्या, वर औषध आणि खाली सुया. लोकांना सांगताना मात्र जीभ सुयांकडेच वळायची. केमोचं कौतुक करावंसं कुणाला वाटतं? सुयांनी मला उठवलं, असं मी तुलाही फोनवर म्हणाले. ते खरं होतं, पण अर्धं.

काल संध्याकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. रडत होती. पहिली केमो झाल्यापासून तू भिंतीकडे तोंड करून पडलायस आणि म्हणतोस, ताई सुयांनी बरी झाली, मीही सुयाच लावून घेतो, उद्याच्या केमोला जात नाही. म्हणून हे पत्र. ताई सुयांनी बरी नाही झाली रे. सुयांनी ताईला केमोच्या खुर्चीत बसवून ठेवलं. तुझ्या डॉक्टरांना विचारून तुलाही सुया लावू, पण उद्या आधी केमो. ओकारी आली तर भांडं मी धरेन, लहानपणी काय कमी धरलंय? समोर बोलायला लागले की तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून सकाळच्या गाडीत हे लिहून काढलं आणि तुझ्या बायकोच्या हाती दिलं. तू वाचतोयस तेव्हा मी बाहेरच्या खोलीत दाराला कान लावून बसलेय. वाचून झालं की नुसती हाक मार.

तुझीच,
दारापलीकडची ताई